घेतेस का?

दवादारूतली दारू म्हणजे औषध. दारूगोळ्यातली दारू म्हणजे स्फोटक. आणि शनिवारच्या पार्टीतली दारू? तिचं तर आपण नावच घेत नाही!

मागच्या महिन्यात माझा एक ‘बघण्याचा कार्यक्रम’ झाला. हल्लीच्या भाषेत, कॉफी. निराला बाजारमधला एक कॅफे, मी, तो आणि दोन कॅपुचिनो. मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, घर इथलंच, सिडकोत. बोलायला एकदम छान. पॅकेज झालं, पुण्याचं ट्रॅफिक झालं, माझं फ्रीलान्सिंग (‘म्हणजे घरूनच काम ना?’) झालं. मग त्याने कप बाजूला सरकवला, आवाज एक पट्टी खाली आणला आणि विचारलं, ‘तू... घेतेस का?’

‘काय?’

‘म्हणजे... ऑकेजनली वगैरे.’

‘साखर? नाही, मी बिनसाखरेचीच घेते.’

तो हसला. मीही हसले. मग त्याने स्वतःचं सांगितलं. वीकएंडला ‘बसणं’ होतं, टीमबरोबर ‘सोशल’ असतं, ‘हार्ड’ फारसं नाही. दहा मिनिटं आम्ही या विषयावर बोललो आणि त्या दहा मिनिटांत तो एक शब्द दोघांच्याही तोंडातून बाहेर पडला नाही. त्याच्या बायोडेटात तर ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘निर्व्यसनी’.

रिक्षात बसल्यावर माझ्या डोक्यात एकच किडा. इतका सोपा, दोन अक्षरी शब्द. गल्लीतल्या पोरालाही माहीत असलेला. मग आपल्याला तो इतका जड का जातो?

क्रियापद सांगा, माणूस सांगते

तुम्ही एक गंमत करून बघा. ऑफिसात कोण कोणाबद्दल काय बोलतं, त्यातली फक्त क्रियापदं ऐका. बॉस ‘घेतात’. आपण ‘बसतो’. कॉलेजची पोरं ‘टाकतात’ नाही तर ‘मारतात’. सोसायटीचा वॉचमन मात्र ‘पितो’. आणि आपल्याला न आवडणारा माणूस ‘ढोसतो’. ग्लासात तोच इथाइल अल्कोहोल, पण क्रियापद पगाराप्रमाणे बदलतं!

मापांचंही तसंच. खंबा, हाफ, क्वार्टर, चपटी. देशीच्या दुकानात ‘नवटाक’ म्हणतात तेव्हा मागणाऱ्याला माहीतही नसतं की हे जुन्या बाजारातलं माप आहे. नऊ टाक म्हणजे अर्धा पावशेर. शेर गेला, पावशेर गेला, आज्जीच्या फडताळातली मापं भंगारात गेली, नवटाक तेवढं दारूच्या गुत्त्यात जिवंत राहिलं.

पेपरमध्येही हाच फंडा. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या मोठ्या कारखान्यांची बातमी असली की शब्द येतो ‘मद्य उद्योग’. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी जात होतं, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या उद्योगांचं पाणी आधी ५० आणि मग ६० टक्के कापायला सांगितलं. त्या बातम्यांत सगळीकडे ‘मद्यनिर्मिती’, ‘मद्य कंपन्या’. त्याच पेपरच्या आतल्या पानावर एखाद्या तांड्यावर धाड पडली की ‘गावठी दारू जप्त’. कारखान्यात बनलं की मद्य, पत्र्याच्या डब्यात बनलं की दारू.

मेडिकलवाल्याचा दारूखाना

आता जरा मागे जाऊ. दारू हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, आणि फारसीत त्याचा अर्थ आहे औषध. बस्स, औषध. आजही इराणमध्ये मेडिकल स्टोअरला ‘दारूखाने’ म्हणतात. १९७९ च्या क्रांतीनंतर त्या देशात दारूवर बंदी आहे, आणि चौकाचौकात दारूखान्याच्या पाट्या! आपल्या मुंबईतही रे रोडजवळ दारूखाना आहे. तिथे जुनी जहाजं तोडतात, आणि नाव पडलंय तोफांच्या दारूवरून. म्हणजे एकाच नावाच्या दोन जागा, एकीत क्रोसिन मिळते, दुसरीचा संबंध तोफेशी. आणि आपल्याला ज्याची आठवण झाली ते दोन्हीकडे नाही.

(जाता जाता: देवदार आणि दारुहळद यांतला ‘दारु’ हा संस्कृत, त्याचा अर्थ लाकूड. तो ऱ्हस्व, आपली दारू दीर्घ. मित्रांमध्ये पैज लागली तर उपयोगी पडेल.)

औषधाची तोफ कशी झाली? सोरा, गंधक, कोळसा. खलात कुटायचं, चाळायचं, मोजून मिसळायचं. हे काम दिसायला वैद्याचंच. चिनी भाषेत बंदुकीच्या दारूला जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘अग्नी-औषध’. तमिळमध्ये ‘मरुंदु’ म्हणजे औषध आणि तोफेची दारूही. माझी मासकॉमची एक मैत्रीण आता हैदराबादला असते. तिला फोन केला तर ती किंचाळलीच, ‘अगं, इथे ऑफिसात सगळे शुक्रवारी मंदु मंदु करत असतात! मला आधी वाटायचं, एवढी माणसं आजारी कशी?’ तेलुगूत ‘मंदु’ म्हणजे औषध, ‘मंदु’ म्हणजे तोफेची दारू आणि बोलीत ‘मंदु’ म्हणजे आपली शनिवारची. तिन्ही अर्थ एकाच शब्दात, आणि हा शब्द तर फारसीही नाही. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे हे शेजाऱ्यांचं मला जरा घरचंच वाटलं.

मराठीत हे तिन्ही अर्थ इतके घट्ट बसलेत की आपल्याला विचित्रही वाटत नाही. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात दारू या एकाच शब्दापुढे पिण्याचीही आहे आणि बंदुकीचीही. दिवाळीत फटाके विकायचे तर परवाना ‘शोभेच्या दारू’चा. २०१६ च्या दिवाळीत औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषद मैदानावर फटाका मार्केटला आग लागली आणि शंभराहून जास्त स्टॉल जळाले, तेव्हा मी बारावी संपवून घरीच होते. धूर आमच्या गच्चीवरून दिसत होता. शेजारच्या आजोबांनी खालून ओरडून विचारलं, ‘काय पेटलंय?’ कोणीतरी वरून सांगितलं, ‘दारू!’ आजोबा म्हणाले, ‘मग पेटू दे!’ आणि आत गेले. दहा मिनिटांनी त्यांना खरा प्रकार कळला आणि ते चप्पल न घालताच बाहेर आले. त्यांच्या भाच्याचा स्टॉल होता तिथे.

घाम, सुरमा आणि रसायन

शहागंजच्या एका अत्तरवाल्या चाचांकडे मी उगाच अर्काची चौकशी केली. गुलाबाचा अर्क दाखवत ते म्हणाले, ‘बेटा, अरक यानी पसीना.’ खरंच आहे. अरबीत ‘अरक’ म्हणजे घाम. भट्टीवरच्या भांड्याला वाफेचे थेंब घामासारखे सुटतात, म्हणून ते नाव. त्यांच्या काउंटरवर सुरम्याच्या डब्याही होत्या. सुरम्याला अरबीत ‘कुहल’, आणि त्याच शब्दाला ‘अल’ लागून युरोपात जाऊन झालं अल्कोहोल. डोळ्यात घालायच्या बारीक पुडीचं नाव ग्लासातल्या पाण्याला मिळालं. (आपल्या किल्ले अर्कचा मात्र याच्याशी काही संबंध नाही हं. तिथला अर्क म्हणजे बालेकिल्ला. कॉलेजात आम्ही यावर फार वाईट जोक मारायचो.)

जगात सगळीकडे हीच स्टोरी आहे. ऊर्ध्वपातन करून काढलेला द्रव आधी वैद्याच्या कपाटात होता. व्हिस्की हा शब्द ज्या गेलिक शब्दांवरून आला त्यांचा अर्थ ‘जीवनाचं पाणी’. आपल्याकडे द्राक्षासव, दशमूलारिष्ट या बाटल्यांवर आजही बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘स्वयंनिर्मित अल्कोहोल’. बाळंतिणीला दशमूलारिष्ट देणाऱ्या माझ्या आज्जीने आयुष्यात दारूच्या दुकानासमोरून जातानाही पदर नाकाला लावला असेल!

आणि हातभट्टीवर गूळ-नवसागर टाकून जे आंबवत ठेवतात, त्याला पोलिसांच्या पंचनाम्यात काय म्हणतात माहितीय? ‘रसायन’. ‘इतके लिटर रसायन जागीच नष्ट केले.’ आयुर्वेदात रसायन म्हणजे म्हातारपण लांबवणारं औषध.

इथवर सगळं मजेशीर आहे. वाचताना तुम्ही हसलात, लिहिताना मीही हसले. पण त्या दिवशी रिक्षात मला जे आठवलं ते मजेशीर नव्हतं.

काकांचं औषध

आमच्या घरात एक ब्रँडीची बाटली असायची. स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर, हिंगाच्या डबीमागे. आम्हा मुलांना सर्दी झाली की आज्जी छातीला ब्रँडी चोळायची, फारच झालं तर चमचाभर कोमट पाण्यात. घरात तिचं नाव ‘औषधाची बाटली’. तिला दुसरं नाव आहे हे मला सहावीत कळलं.

काका एमआयडीसीत सुपरवायझर होते. शिफ्टवरून आले की पाय दुखतात, अंग मोडून येतं म्हणून आज्जीच त्यांना म्हणायची, ‘थोडं औषध घे नि झोप.’ काका थोडं औषध घ्यायचे. मग फळीवरची बाटली लवकर संपायला लागली. मग दुसरी बाटली आली, ती फळीवर नव्हती, काकांच्या स्कूटरच्या डिकीत होती. काका ओरडायचे नाहीत, मारायचे नाहीत, गटारात पडायचे नाहीत. नीट भांग पाडून, इन केलेल्या शर्टात यायचे. आमच्या मते दारुड्या वेगळा असतो. तो सिनेमातला, नाही तर देशीच्या दुकानासमोर आडवा झालेला. काका ‘घ्यायचे’. पाहुण्यांनी विचारलं तर आज्जी सांगायची, ‘औषधापुरतं हो.’

मी अकरावीत असताना त्यांचे डोळे पिवळे झाले. आधी कावीळ म्हणून गावठी उपाय झाले, त्यात दोन महिने गेले. मग पोट फुगलं, तेव्हा हॉस्पिटल. ड्युटीवरचा डॉक्टर माझ्या आताच्या वयाचा असेल. त्याने फॉर्म भरताना विचारलं, ‘किती वर्षांपासून घेतात?’

आज्जी म्हणाली, ‘तसं फार नाही हो. औषधापुरतं.’

डॉक्टरने पेन थांबवून विचारलं, ‘म्हणजे कुठलं औषध? नाव सांगा.’

त्याला खरंच कळलं नव्हतं. तो फॉर्मवर गोळ्यांच्या रकान्यात काहीतरी लिहायलाही लागला होता. तेव्हा मागे भिंतीला टेकून उभी असलेली काकू पुढे आली. आमच्या घरात सासूसमोर मोठ्याने न बोलणारी काकू. ती म्हणाली, ‘दारू. दारू पितात ते. अठरा वर्षं झाली.’

कॉरिडॉरमधली चार माणसं वळून बघायला लागली. आज्जीने तिच्याकडे असं बघितलं जणू आजार काकूनेच आणलाय.

पाच आठवड्यांनी काका गेले. ४६ वर्षांचे होते. डॉक्टर नंतर वडिलांना म्हणाले होते की दोन-तीन वर्षं आधी आला असतात तर बंद करून सावरायला वाव होता. पण आधी येऊन आम्ही सांगणार काय होतो? जे नव्हतंच त्याच्यासाठी डॉक्टरकडे कोण जातं?

हे छापायच्या आधी मी काकूला विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘लिही की. फक्त त्यात “घ्यायचे” असं लिहू नकोस.’ मी वर तसं लिहिलंय, अवतरणात. तेवढं ती चालवून घेईल.

आरोग्यासाठी!

आमची आज्जी एकटी नव्हती बरं का. सरकारही तिच्याच बाजूला आहे.

महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, हे तुमच्यापैकी किती जणांना माहितीय? एका दिवसाचा, वर्षाचा, आजीवन. बिअर-वाईनला वय २१, हार्डला २५ पूर्ण हवं. मी आजवर माझ्या एकाही मित्राच्या पाकिटात तो कागद बघितलेला नाही. आणि या परवान्याचं कागदोपत्री कारण काय, तर आरोग्य टिकवण्यासाठी! कारण मुळात कायदा आहे दारूबंदीचा, १९४९ चा. बंदी असलेल्या राज्यात प्यायची मुभा द्यायची तर कारण औषधाचंच लागणार. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमातही तेच आहे: मादक पेयांवर बंदी आणायचा प्रयत्न राज्याने करावा, औषधी कारण वगळून. १९५१ मध्ये बालसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा मुंबईचा कायदा बराचसा टिकवला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं त्यातून सोडवली. दवा आणि दारू वेगळं करता करता न्यायालयालाही घाम फुटला असेल. ‘अरक’च!

आणि ज्या खात्याला दारूतून महसूल मिळतो त्याला जुनी माणसं अजून म्हणतात ‘दारूबंदी खातं’. आमच्या मराठवाड्यातली त्याहून जुनी माणसं म्हणतात ‘आबकारी’. पाटीवर आहे ‘राज्य उत्पादन शुल्क’. इथेही मूळ शब्द गायब!

यातली सगळ्यात विचित्र गोष्ट मला त्याच डॉक्टरांकडून कळली, जे आता दुसऱ्या शहरात असतात. विषारी दारूत असतं मिथेनॉल. ते शरीरात फुटून फॉर्मिक ॲसिड बनतं, डोळे जातात, मग जीव. जून २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून जास्त माणसं अशीच गेली. आणि यावर हॉस्पिटलात जे उतारे देतात त्यातला एक म्हणजे साधं इथेनॉल. दोन्हींना फोडणारं एन्झाइम एकच, ते आधी इथेनॉलकडे वळतं, तेवढ्यात मिथेनॉल न फुटता बाहेर पडायला वेळ मिळतो. म्हणजे दारूच्या विषावर दारूचं औषध, अगदी फारसी अर्थाने. पण ते आयसीयूत, मोजून. एप्रिल २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये यवतमाळच्या वणीत दारू मिळेना म्हणून सात जणांनी सॅनिटायझर प्यायलं आणि ते गेले. त्या बाटलीवरही लिहिलेलं होतं की हे तुमच्या आरोग्यासाठी आहे. आणि ‘थोडी घेतली तर हार्टला चांगली’ हा आपल्या पार्टीतला लाडका डायलॉग? जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सरळ सांगितलं, सुरक्षित असं प्रमाणच नाही.

आडवी बाटली

शब्द तोंडाने म्हणायची हिंमत कुठे बघायची असेल तर गावातल्या बायकांकडे बघा. २००८ च्या सरकारी आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के बायकांनी सह्या करून मागणी केली तर दारूच्या दुकानावर मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. आणि झालेल्या मतांच्या नाही, तर एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. म्हणजे जी शेतावरून येऊ शकली नाही तिचं मतही हिशोबात दुकानाच्याच बाजूने.

अशा मतदानाचं कव्हरेज मी एकदाच केलंय. घोषणा ठरलेली, ‘आडवी बाटली!’ एका बाईंना मी आपल्या पत्रकारी मराठीत विचारलं, ‘तुमचे मिस्टर मद्यपान करतात का?’ त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग शेजारणीला म्हणाल्या, ‘काय म्हणती गं ही?’ शेजारीण म्हणाली, ‘तुझा नवरा दारू पितो का विचारती.’ ‘मग तसं विचार की बाई!’ तिथून पुढे अर्धा तास मला प्रश्न विचारायची गरजच पडली नाही.

तर, तो मुलगा.

आम्ही पुन्हा भेटलो, या वेळी कॅनॉटला, पाणीपुरीच्या गाड्यावर. काकांचं मी त्याला सगळं सांगितलं. तो मधे बोलला नाही. त्याची पाणीपुरी मऊ पडली. मग मी विचारलं, ‘तू दारू पितोस?’

त्याने पटकन आजूबाजूला बघितलं. गाडीवाला बटाटे कुस्करत होता, शेजारी दोन कॉलेजच्या मुली होत्या. त्यातल्या एकीने मान वर केली.

‘हो,’ तो म्हणाला. ‘पितो. शनिवारी, कधी शुक्रवारीपण. तीन पेग.’ मग जरा थांबून, ‘कधी चार.’

‘आणि बायोडेटा?’

‘तो आईने लिहिलाय.’

आमचं अजून काही ठरलेलं नाही. पुढच्या रविवारी तो येणार आहे. शनिवारी रात्री फोन करेन असं म्हणालाय.